तोंडी मिळालेले गुण खरे धरायचे का?

वाचकाचा प्रश्न : सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या आणि त्याच वर्गाच्या वर्गशिक्षिका असलेल्या एका बाईंचं पत्र आलं आहे. वर्गात ५२ मुलं. त्यांतला एक मुलगा बोलण्यात तरबेज, प्रयोग चटकन समजणारा. पण वाचताना अडखळतो आणि त्यानं लिहिलेलं कुणाला लागत नाही. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची मुळातली अडचण, असल्याचा अहवाल यंदा शाळेत आला. उष्णतेच्या धड्यावरच्या लेखी चाचणीत त्याला २५ पैकी ७ गुण मिळाले. बाईंनी आठवड्यानं तीच चाचणी तोंडी घेतली, तेव्हा २१. ते त्यांनी नोंदवले आणि वादाला तोंड फुटलं. दोन पालकांनी आपल्या मुलांवर अन्याय झाल्याची तक्रार केली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बजावलं, की अशानं मुलगा कायमचा परावलंबी होईल. मुख्याध्यापकांनी यापुढे ‘सगळ्यांना एकच नियम’ लावायला सांगितलं. याच वर्गात श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी आहे. ती मागच्या बाकावर मैत्रिणीशेजारी बसते, विचारलं की ‘कळलं’ म्हणते आणि वहीत भलतंच लिहून ठेवते. आणखी एक मुलगा पाच मिनिटंही जागेवर टिकत नाही; त्याची कुठलीच तपासणी झालेली नाही. बाई विचारतात : मी चुकले का? ही मुलं विशेष शाळेत गेली तर त्यांचं जास्त भलं होईल का? आणि ५२ मुलांच्या वर्गात मी एकटी कुणाकुणाला पुरी पडू?

प्रिय बाई,

७ खरे की २१, असं सगळे तुम्हाला विचारताहेत. मला त्याआधी एक विचारावंसं वाटतं : ती चाचणी कशाची होती?

उष्णतेची, असं तुम्ही म्हणाल. म्हणजे गरम पाण्यात बुडवलेल्या धातूच्या चमच्याचं दुसरं टोक का तापतं, तापणारं पाणी भांड्यात वर-खाली का फिरतं, सूर्याची उष्णता मधल्या पोकळीतून आपल्यापर्यंत कशी पोहोचते, हे मुलांना उमगलंय का ते तुम्हाला पाहायचं होतं. पण कागदावरची चाचणी याखेरीज बरंच काही मागत असते. प्रश्न झरझर वाचता यायला हवा. मनातलं उत्तर अक्षरांत उतरवता यायला हवं. ‘अभिसरण’ लिहिताना वेलांटी कुठली, इथे अडून बसता कामा नये. आणि हे सगळं तास संपायच्या आत. वर्गातल्या बहुतेकांना हे जमतं, म्हणून त्यांच्या उत्तरपत्रिकेत त्यांचं विज्ञान दिसतं. या मुलाच्या उत्तरपत्रिकेत त्याचं वाचन-लेखन दिसतं. ते ७ गुण खोटे नाहीत, पण ते विज्ञानाचे आहेत असं मला म्हणवत नाही.

तुम्हाला जे दिसलं, ते फार पूर्वी दुसऱ्या एका शिक्षकालाही दिसलं होतं. १८९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिलं. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण साधे शब्दही त्याला धड वाचता-लिहिता येत नसत. काही वर्षं त्याला शिकवणाऱ्या शिक्षकांचं मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवलंय : सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. डिस्लेक्सियाच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी हे एक, आणि त्यात वर्गात शिकवणाऱ्या माणसाची साक्ष आहे. म्हणून सांगते, स्वतःच्या निरीक्षणावर इतक्या लवकर अविश्वास दाखवू नका.

या अडचणीचं मूळ डोळ्यांत नसतं. शब्दातले सुटे ध्वनी ओळखणं, ते अक्षरांशी जोडणं आणि ही जोडणी इतकी अंगवळणी पडणं की शब्द दिसताक्षणी वाचला जावा, या कामात अशा मुलांना फार कष्ट पडतात. बुद्धीच्या कमी-जास्तपणाशी त्याचा संबंध नाही, आळसाशी तर नाहीच. पुष्कळदा ही अडचण घराण्यात चालत आलेली असते. त्याच्या आईवडिलांशी बोलताना हे ध्यानात असू द्या. त्यांच्यापैकी एखाद्याला स्वतःची शाळा आठवून गलबलून येऊ शकतं. रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम सुचवणारी माणसं त्यांना भेटतील. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालच्या संयुक्त निवेदनात अशा उपायांना शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट केलेलं आहे. तो पैसा आणि तो काळ वाचन शिकवण्यावर खर्च व्हायला हवा.

आता तक्रार करणारे पालक. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, कारण त्यातला एक मुद्दा रास्त आहे. तोंडी चाचणी तुम्ही आठवड्यानं घेतली आणि प्रश्न तेच ठेवले. तोवर उत्तरपत्रिका वाटून झाल्या असतील, फळ्यावर उत्तरं चर्चिली गेली असतील, मधल्या सुट्टीत मुलं बोलली असतील. शिवाय तोंडी घेताना आपण शिक्षक नकळत मदत करतो. ‘हं, आणि मग पुढे?’ असं म्हणतो, चुकीच्या शब्दाला भुवई उंचावतो, अडलेलं वाक्य अर्धं आपणच पुरं करतो. मुलाबद्दल माया असली की हे जास्त होतं. त्याचं विज्ञान ७ पेक्षा २१ च्या बरंच जवळ असावं असा माझा कयास आहे, पण कयास गुणपत्रकात लिहिता येत नाही. त्याला तोंडी उत्तरं देऊ दिलीत यात तुमचं काही चुकलं नाही. पद्धत मात्र घट्ट करायला हवी.

पुढची चाचणी त्यानं बाकीच्यांबरोबर त्याच दिवशी, त्याच प्रश्नपत्रिकेवर द्यावी. शक्य असेल तर शेजारच्या खोलीत बसून. वाचून दाखवणाऱ्यानं प्रश्न छापलाय तसाच वाचावा, मागितला तर पुन्हा वाचावा, पण सोपा करून सांगू नये आणि आवाजानं उत्तराकडे बोट दाखवू नये. मुलगा बोलेल ते लिहिणाऱ्यानं शब्दशः उतरवावं, चुकलं असलं तरी तसंच. आकृती मुलानं स्वतः काढावी. उत्तरसूची चाचणीआधी तयार असावी आणि ही उत्तरपत्रिका तुमच्याऐवजी दुसऱ्या विज्ञानशिक्षकांनी तपासावी. लिहून घेणारं कुणी मिळालंच नाही, तर उत्तरं ध्वनिमुद्रित करून ठेवा. नोंदवहीत गुणांसमोर चाचणी कशी घेतली ते एका ओळीत लिहा. अशा रीतीनं मिळालेल्या गुणांना कुणी हरकत घेतली, तर दाखवायला तुमच्याकडे सगळं असेल.

यात एक गोष्ट हमखास निसटते. सांगून लिहवून घेणं हे स्वतंत्र कसब आहे. ज्या मुलाला त्याची सवय नाही, तो तुकड्यातुकड्यानं बोलतो, मध्येच मागचं बदलतो, आपण कुठवर आलो ते विसरतो, आणि लिहिणारा गोंधळतो. लेखनिक थेट वार्षिक परीक्षेत भेटला, तर त्याचा उपयोग निम्माच होतो. तेव्हा साध्या गृहपाठापासून सराव सुरू करा : आधी मनात उत्तराचे दोन-तीन मुद्दे बोटांवर धर, मग पूर्ण वाक्यात सांग, मग लिहिलेलं वाचून दाखवायला सांग. मोठ्या परीक्षांमध्ये वाचक, लेखनिक, वाढीव वेळ यांचे नियम प्रत्येक परीक्षा मंडळाचे निरनिराळे असतात आणि अर्ज वेळेआधी द्यावा लागतो. तो मुलगा अजून सातवीत आहे हे त्याचं भाग्य. ते नियम आत्ताच मागवून वाचून ठेवा.

वेळेबद्दल थोडं. स्टीफन सिरेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली परीक्षेतल्या सवलतींवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. वाढीव वेळ दिल्यावर अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण जास्त वाढतात, पण इतरांचेही थोडे वाढतात, असं त्यांना आढळलं. याचा अर्थ मी असा घेते : आपल्या पुष्कळ चाचण्या आपण ठरवलेलं नसतानाही वेग मोजत असतात. उष्णतेच्या धड्यात वेग मोजायचा नसेल, तर तासाभराच्या चाचणीत पाऊण तासात संपतील इतकेच प्रश्न ठेवा. वर्गातल्या हळू लिहिणाऱ्या, बुजऱ्या, पुन्हापुन्हा खोडणाऱ्या सगळ्याच मुलांचा ताण त्यानं उतरेल. या मुलाला त्यावर आणखी वेळ लागला तर तो देता येईल. पण अन्यायाची तक्रार करणाऱ्या पालकांच्या मुलांनाही यातून काही मिळालेलं असेल.

हीच कसोटी उलट बाजूनंही लावायला हवी. शुद्धलेखनाच्या चाचणीत त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माफ करता येणार नाहीत, कारण तिथे तेच तपासायचं आहे. भाषेच्या पेपरातला उतारा त्याला येतो का हे पाहताना ‘वाचता येतो का’ आणि ‘समजतो का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. समज पाहायची असेल तर उतारा वाचून दाखवा, वाचन पाहायचं असेल तर दाखवू नका. विज्ञानात ‘अभीसरन’ लिहिलेलं ओळखू येत असेल तर पूर्ण गुण द्या, आणि हे वर्गातल्या सगळ्यांसाठीच ठरवून टाका. मुख्याध्यापकांना हवा असलेला एकच नियम तो हाच : जे तपासायचं नाही, त्याचे गुण कुणाचेच कापायचे नाहीत.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बोलण्यानं तुम्ही सगळ्यात जास्त दुखावलेल्या दिसता. त्यांची भीती मला निराधार वाटत नाही, पण तिची जागा चुकली आहे. मदत दोन तऱ्हेची असते. एक, आजचा अडसर बाजूला करणारी : वाचून दाखवणं, लिहून घेणं, ध्वनिपुस्तक, वाढीव वेळ. दुसरी, वाचनच शिकवणारी. केवळ पहिली दिली आणि दुसरीचा विसर पडला, तर मुलगा दहावीलाही तिथेच असेल आणि सहकाऱ्यांचा शब्द खरा होईल. केवळ दुसरीचा आग्रह धरला, तर तो वाचायला शिकेपर्यंत विज्ञान, इतिहास, भूगोल हातचे जातील. आणि कमी वाचणाऱ्या मुलाचा शब्दसंग्रहही मागे पडत जातो, मग वाचन आणखी अवघड होतं. दोन्ही मदती एकाच वेळी चालायला हव्यात.

वाचन शिकवणं म्हणजे ‘आणखी वाच’ म्हणून पुस्तक हातात देणं नव्हे. १९३०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून जी परंपरा निघाली, तिचा गाभा आजही टिकून आहे : ध्वनी आणि अक्षर यांचं नातं उघडपणे, क्रमानं, छोट्या पायऱ्यांनी शिकवायचं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, आणि रोज थोडा वेळ. आपल्या लिपीत काना-मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं अशा ठरावीक जागी मुलं अडतात. हा मुलगा नेमका कुठे अडतो हे अहवालात नसेल, तर विशेष शिक्षकांकडून काढून घ्या. चित्र पाहून किंवा पहिल्या अक्षरावरून अंदाजानं शब्द ठोकून देण्याची सवय त्याला लागलेली असेल, तर ती मोडावी लागेल. बारा-तेरा वर्षं हे वय त्यासाठी उशिराचं नाही. पण त्याला बालवाडीचं पुस्तक देऊ नका. सराव सोपा असला तरी मजकूर त्याच्या वयाला शोभणारा हवा. अक्षरांमधली जागा थोडी वाढवून छापलेला मजकूर काही मुलांना सोपा जातो, असं इटली आणि फ्रान्समधल्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. करून पाहायला काही लागत नाही.

परावलंबित्वाची खरी वाट वेगळीच आहे. ब्रिटनमध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या नेतृत्वाखाली वर्गातल्या मदतनिसांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. ज्या मुलांना मदतनिसांचा सहवास सर्वाधिक मिळाला, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झालेली दिसली. मदतनीस वाईट होते असं नाही. ती मुलं शिक्षकांच्या वाट्याला कमी येऊ लागली, आणि मदतनिसांचा भर शिकण्यापेक्षा काम संपवण्यावर राहिला. तुमच्या वर्गात पगारी मदतनीस नसेल, पण शेजारचा मित्र असतो. तो त्याची वही भरून देतो का, उत्तर आधी सांगून मोकळा होतो का, हे पाहा. अक्षरं कुणाचीही असोत, विचार कुणी केला हे महत्त्वाचं. मित्राला एवढंच शिकवा : आधी थांबायचं, मग विचारलं तर प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर सांगायचं नाही.

तुमच्या पत्रात पालक बोलतात, सहकारी बोलतात, मुख्याध्यापक बोलतात. तो मुलगा एकदाही बोलत नाही. तोंडी चाचणी त्याला हवी होती का? दुसऱ्या खोलीत जाताना त्याला काय वाटलं? या वयात काही मुलं नापास होणं पत्करतात, पण वेगळं दिसणं पत्करत नाहीत. एकांतात, घाईशिवाय विचारा. वर्गात मोठ्यानं वाचायला उभं केलेलं चालतं का, की आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवलेला बरा? लेखनिक कोण असलेला आवडेल? त्यानं नको म्हटलं तर लगेच समजूत घालू नका, एक चाचणी करून पाहू म्हणा आणि मग परत विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, जो २००६ साली स्वीकारला गेला आणि २००८ पासून अमलात आला, मुलांना स्वतःशी निगडित बाबींत मत मांडण्याचा हक्क वेगळा नोंदवलेला आहे. त्याच करारानुसार वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव ठरतो. शाळेत कुणी ‘ही मेहेरबानी कशाला’ म्हणालं, तर तुम्ही याचा आधार घेऊ शकता.

त्याच्या आईवडिलांची परवानगी असल्याशिवाय निदानाचा उच्चार इतर पालकांपुढे करू नका. त्यांना इतकं सांगितलं तरी पुरे : ‘कुठल्याही मुलाची माहिती मी दुसऱ्या पालकांना देत नाही, तुमच्याही मुलाची देणार नाही. चाचणीचे प्रश्न आणि उत्तरसूची सगळ्यांना एकच होती. यापुढे ती एकाच दिवशी होईल आणि तपासणी दुसरे शिक्षक करतील. तुमच्या मुलाला कुठे अडचण येत असेल, तर त्याबद्दल बोलायला अवश्य या.’ शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. तक्रार करायला आलेल्या पालकांपैकी एखाद्याच्या घरीही न बोललेली अडचण असते.

त्या मुलीकडे मला अधिक लक्ष वेधायचं आहे, कारण तिच्याबद्दल कुणीच तक्रार केलेली नाही. शांत बसणारं मूल सगळ्यांना सोयीचं असतं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं; पंख्याचा, बाक सरकल्याचा, बाहेरच्या मुलांचा आवाजही मोठा करतं. अस्पष्ट ऐकू येणारं त्यानं स्पष्ट होतंच असं नाही. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलनं घटते; वर्गात तर भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो. मागच्या बाकावर तिच्यापर्यंत तुमच्या वाक्याचे तुकडे पोहोचतात, आणि ते जोडून ती वहीत लिहिते. भलतंच वाटणारं ते लिखाण तिच्या कष्टांचा पुरावा आहे.

तिला पुढे आणा, पण मैत्रिणीसकट. तिला एकटीला उचललंत तर ती ती शिक्षा समजेल. जागा दुसऱ्या रांगेत, थोडी कडेला असावी, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल आणि मान वळवून उत्तर देणाऱ्या मुलांचेही चेहरे दिसतील. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर तुमचा चेहरा काळोखात जातो, उभं राहण्याची जागा बदला. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. ओरडून किंवा तोंड वाकडंतिकडं करून बोलल्यानं ओठ वाचणं उलट अवघड होतं. आणि ओठांवर सगळं दिसत नाही : ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा, तिन्ही सारखेच दिसतील. संदर्भ माहीत असेल तरच शब्द ओळखता येतो. म्हणून धडा सुरू करण्याआधी विषय आणि चार-पाच नवे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दुसऱ्या मुलानं दिलेलं उत्तर तुम्ही पुन्हा म्हणा. ‘कळलं का?’ हा प्रश्न तिच्यापुरता बंद करा, कारण त्याचं उत्तर ‘हो’ हेच येतं. त्याऐवजी ‘आता काय करायचं ते मला सांग’ म्हणा. दिवसभर इतकं ताणून ऐकल्यावर शेवटच्या तासांना ती पेंगली, तर रागावू नका. यंत्राची बॅटरी रोज सकाळी कोण तपासतं, हे घरी विचारून घ्या. शिक्षकांनी गळ्यात अडकवायचा आणि आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवायचा माइक मिळतो. तिच्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञांकडे) त्याची चौकशी करायला पालकांना सांगा. वर्गातल्या अंतराचा प्रश्न त्यानं पुष्कळ सुटतो.

जागेवर न टिकणाऱ्या मुलावर एडीएचडीचा (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांच्या विकाराचा) शिक्का तुम्ही मारू नका, सहकाऱ्यांनाही मारू देऊ नका. ते निदान करताना तज्ज्ञ पाहतात, की लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसतात का. ती माहिती तुम्ही देऊ शकता. दोन आठवडे टिपण ठेवा : कुठल्या तासाला उठला, त्याआधी काय चाललं होतं, उठून काय केलं, काय केल्यावर परत बसला. केवळ गणिताच्या तासाला उठत असेल तर गोष्ट निराळी. नजर, ऐकणं आणि झोप यांची चौकशी आधी व्हावी. मध्येच काही क्षण शून्यात गेल्यासारखा दिसत असेल, तर ते आवर्जून लिहा, कारण अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार तसा दिसतो आणि त्यासाठी डॉक्टरांकडे लवकर जायला हवं. तोवर मदत द्यायला प्रमाणपत्र लागत नाही. काम तुकड्यांत द्या, एका वेळी एक सूचना द्या आणि ती फळ्यावर राहू द्या, वह्या वाटण्यासारखं उठायचं काम त्याला द्या, मागे उभं राहून लिहायची मुभा द्या. काही मुलांचं लक्ष हालचाल करतानाच टिकतं.

तुमच्या लक्षात आलं असेल, की फळ्यावर लिहिलेली सूचना त्या मुलीला लागते आणि या मुलालाही. ‘एकटी कुणाकुणाला पुरी पडू’ याचं उत्तर मला यात दिसतं. अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेनं शिक्षणाच्या सार्वत्रिक आरेखनाचा विचार मांडला. त्याचा रोख असा, की धडा आखतानाच एकच गोष्ट निरनिराळ्या मार्गांनी समोर यावी आणि मुलांना ती निरनिराळ्या मार्गांनी दाखवता यावी, म्हणजे नंतर करायच्या वेगळ्या सोयी कमी होतात. मात्र यासाठी मुलांची ‘पाहून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ अशी वाटणी करू नका. हेरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली घेतलेल्या आढाव्यात तशा वाटणीनुसार शिकवण्याला पुरेसा पुरावा सापडला नव्हता. चित्र, प्रयोग, बोलणं, लिखाण हे सगळ्यांनाच द्या.

राहिला विशेष शाळेचा प्रश्न. १९९४ साली स्पेनमधल्या सलामांका इथल्या परिषदेत ९२ देशांच्या सरकारांनी सर्वसाधारण शाळांनीच सगळ्या मुलांना सामावून घ्यावं असं जाहीर केलं. इतर मुलांचं नुकसान होतं का, याचाही अभ्यास झाला आहे : २०१७ साली पोलंडमधल्या संशोधकांनी ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अपंग मुलांबरोबर शिकणाऱ्या इतर मुलांच्या अभ्यासावर झालेला परिणाम छोटा, पण चांगल्या दिशेचा निघाला. तुम्ही वर्णन केलेल्या तिघांपैकी कुणाला शाळा बदलायला सांगावं असं मला पत्रावरून वाटत नाही. त्या मुलीबाबत मात्र एक दार उघडं ठेवा. ऐकण्यातून तिला भाषा पुरेशी मिळत नसेल, तर सांकेतिक भाषा येणाऱ्या मुलांचा आणि मोठ्या माणसांचा सहवास ही तिची गरज असू शकते. वर उल्लेखलेला करारही सांकेतिक भाषा शिकण्याची सोय करायला सांगतो. ते तिनं, तिच्या आईवडिलांनी आणि तज्ज्ञांनी मिळून ठरवायचं.

सगळं एकदम करू नका, थकून जाल. मुलीची जागा उद्याच बदलता येईल. टिपणाची वही सोमवारी सुरू करा. त्या मुलाशी या आठवड्यात बोला आणि त्यानंतरच मुख्याध्यापकांकडे जा, कारण त्यांच्यापुढे मांडायचं त्यातलं निम्मं तोच तुम्हाला सांगेल. मुख्याध्यापकांकडे मागायचं ते लेखी मागा : चाचणीच्या वेळी एक खोली आणि एक माणूस, तपासायला दुसरे शिक्षक, आणि वाचन शिकवण्यासाठी विशेष शिक्षकांचा आठवड्यातला ठरावीक वेळ. पहिल्या दोन गोष्टी बहुधा मिळतील. तिसरी लगेच मिळणार नसेल, तर मुलाच्या आईवडिलांना तसं स्पष्ट सांगा; शाळेत व्यवस्था होईल या आशेवर त्यांनी वर्ष घालवण्यापेक्षा बाहेर शिक्षक शोधायला आत्ता लागलेलं बरं.